योक आणि जू

उत्तनजवळच्या डोंगरीहून फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. पलीकडे रेमेडीबाई होत्या, अंतोन सरांच्या पत्नी. "बाई, सर न्हाय आता..." एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. महिना होऊन गेला, तरी भाईंदरला उत्तनची बस दिसली की पाय अजून तिकडेच वळतात.

शाळेत सर इंग्रजी शिकवायचे, मी मराठी. घरची भातशेती; पावसाळ्यात शाळेला येण्याआधी खाचरात उतरून यायचे, नखांत चिखल तसाच असायचा. एका मधल्या सुट्टीत त्यांनी मला विचारलं, "बाई, योक म्हणजे काय?" मी म्हटलं, "जू. बैलांच्या मानेवरचं." "भाषांतर नका सांगू हो, नातं सांगा!" आणि डबा बाजूला सारून स्वतःच सांगत बसले... संस्कृतातलं युग म्हणजे जूच, ते झिजत झिजत आपलं जू झालं. इंग्रजांचं योकही त्याच घराण्यातलं. "पुस्तकात योक वाचलं, गोठ्यात जू उचललं. दोघं भावंडं आहेत हे कळायला मला चाळिशी उजाडली," असं म्हणून ते इतके खूश झाले की पुढच्या तासाची घंटा आम्हा दोघांनाही ऐकू आली नाही.

निवृत्तीनंतर वर्षभरातच त्यांना अर्धांगवायू झाला, वाचा गेली. पुढे थोडे शब्द परतले, पण घरच्या बोलीतले. इंग्रजी आलंच नाही. बाकी सगळं रेमेडीबाई त्यांच्या वतीने बोलायच्या. एकदा मी हळहळले, तर म्हणाल्या, "शब्द गेले तं गेले, मानूस हाय ना!"

शेवटचं भेटले तेव्हा सर ओट्यावर बसले होते. समोरून शेजाऱ्याची बैलजोडी चालली होती. सरांनी डावा हात उचलला आणि स्वच्छ म्हणाले, "जू."

त्यांच्याजवळ वाकून मी विचारलं, "सर, आणि योक?"

त्यांचे ओठ हलले... मग मान हलवली. "न्हाय."

रेमेडीबाईंनी पदराने त्यांचे डोळे पुसले. मग स्वतःचे.

परवा त्यांच्याकडे जाऊन आले. सरांच्या खाटेवर चादर अंथरून बियाण्याचं भात वाळत घातलं होतं. "मोकळी बघवत न्हाय," त्या म्हणाल्या. मी उभीच राहिले. तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी भात सावकाश मागे सारलं आणि कडेला माझ्यापुरती जागा करून दिली.