मिठाच्या पाण्याचे ससे

टेबलावरच्या डब्यातले बेदाणे कमी होतायत, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. शिरवळच्या एका लॅबमध्ये मी प्राणीगृह सांभाळते. कुलपांची यादी, झाडूंची यादी, आणि माहेरच्या तासगावच्या बेदाण्यांच्या डब्यावरसुद्धा पातळीची रेघ.

तेव्हा चोवीस सशांवर एका लशीची चाचणी चालू होती. गोचीड चावून येणारा, रक्तस्राव होऊन धडधाकट माणसाला आठवड्यात नेणारा ताप, त्यावरची लस. ताप घाईचा, म्हणून लसही घाईची हवी. तो विषाणू आमच्याकडे नव्हताच, ते काम पुढच्या कडेकोट प्रयोगशाळेचं. आम्ही एवढंच पाहायचं, की लस सशांना सोसते का आणि रक्तात तिचा परिणाम किती दिवसांत दिसतो. निम्म्यांना लस, निम्म्यांना मिठाचं पाणी. कुणाला काय, ते साहेबांकडच्या बंद पाकिटात. वजनं मात्र रोज माझ्या वहीत.

चाचणीच्या सहाव्या दिवशी एका पिंजऱ्यात बेदाणा सापडला. मी फौजीमामांना गाठलं. सैन्यातून निवृत्त झाल्यापासून सशांचं चारापाणी तेच बघतात.

"मामा, बेदाणे कोण खातंय?"

"ससं," मामा शांतपणे म्हणाले.

"सगळे?"

"न्हाई. मिठाचं पाणी टोचल्यालं. आवं मॅडम, सुई सगळ्यास्नी अन् औषध निम्म्यास्नीच, ह्यो कुठला न्याय? सकाळ-संध्याकाळ चार-चार दिलं."

"पण ते कुठले, हे तुम्हाला कळलं कसं?"

"सुई टोचल्याच्या दुसऱ्या दिवशी बारा जणांनी निम्मा हिरवा घास तसाच टाकला. बाकीच्यांनी काडी ठेवली न्हाई. फौजेत लस टोचली की आमचं बी जेवण असंच जायचं."

माझ्या वहीत सतरा रकाने होते. उरलेल्या घासाचा एकही नव्हता.

हे लिहिलं तर चाचणी बाद. नाही लिहिलं तर लशीचा निकाल लागणार तो बेदाण्यांवर फुगलेल्या वजनांशी तुलना करून. मी लिहिलं. खाली मामांनी सही केली, हुद्द्यासकट.

साहेबांनी पाकीट फोडलं. मामांचे बाराही ससे बरोबर निघाले. साहेबांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "चाचणी पहिल्यापासून. पण या लशीनं भूक मंदावते, हे बेदाणे गेले नसते तर कळलं नसतं."

आता नवे ससे आलेत आणि वहीत अठरावा रकाना आहे. मामा घास घालतात आणि मागं न बघता बाहेर पडतात. उरलेला मी उचलते आणि तोलते. डबा कुलपात आहे. शेवटचं रक्त घेतलं की चोविसांनाही चार-चार बेदाणे, असं ठरलंय. त्याची यादी मामांनी केलीय. माझ्यापेक्षा नीटनेटकी आहे, पण हे मी त्यांना सांगितलेलं नाही.