बांध नसलेलं पाणी

धसईच्या मारुतीच्या देवळात आमच्या महिला मंडळाचा फळा टांगलेला असायचा. डावीकडे ‘सेवा’, उजवीकडे ‘सहल’, आणि खाली येत्या महिन्यांतले कार्यक्रम. मी बालवाडी चालवायची, अक्षर बरं होतं, म्हणून मंडळाची चिटणीस झाले. फळा वाचायच्या त्या गावातल्या बायका. डोंगरावरच्या पाड्यांना आमचा फळा म्हणजे गिरजाकाकी.

काकी पंचावन्नच्या आसपास. थोडी भाताची खाचरं, एक म्हैस, नवरा जाऊन सात वर्षं झालेली. एसटी स्टँडची सफाई असो, पोरांना वह्या वाटायच्या असोत, निरोप पोचवायला काकीच डोंगर चढायची. चपला हातात घेऊन. “वर जाऊन घालायच्या. वाटेतच झिजवल्या तर पाड्यावर काय दाखवू?” असं म्हणायची.

सेवेला ती कधी चुकली नाही आणि सहलीला कधी आली नाही. पहिल्या सहलीला सासू आजारी पडली, दुसरीला म्हैस व्यायली, तिसरीला भाचीला बघायला पाहुणे आले. आम्ही देव बघून, पुरणपोळ्या खाऊन परत यायचो, आणि ही दारात उभी राहून विचारायची, “काय काय पाह्यलंव गो?”

दोन हजार एक साली संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पुढचे कार्यक्रम ठरत होते. मार्च महिन्यात शनिवारी सहल आणि दुसऱ्याच दिवशी, रविवारी, डोळे तपासणी शिबिर. सहल कुठं न्यायची यावर गलका चालला होता. काकी कधी मध्ये बोलत नसे. त्या दिवशी वाण पदरात धरून म्हणाली, “समुद्र दाखवा ना एकदा.”

आमच्या अध्यक्ष नम्रताताईंनी विचारलं, “समुद्राचं काय काढलंत मध्येच?”

मग तिनं सांगितलं. लग्नानंतर तिचा नवरा वर्षभर मुंबईला बंदरावर हमाली करून आला होता. समुद्र कसा असतो, विचारलं तर म्हणाला, आवणीच्या, भात लावायच्या वेळचं खाचर डोळ्यांपुढं आण. तसंच भरलेलं पाणी, फक्त बांध नाही.

“मी बोल्ले, बांध नाय तर पाणी थांबतं कसं? मला काय येडी समजलाव? तिथनं जे भांडण लागलं ते घरचे जाईपरतूर मिटलं नाय. भात लावताना बांध फुटला की मला हिणवायचे, बघ गो, तुझा समुद्र झाला.” आणि पदर सारखा करत म्हणाली, “कोण खरं, तेवढं एकदा बघायचं हाय.”

मी फळ्यावर लिहिलं : सहल, केळवे, शीतलादेवी व समुद्र.

दुसऱ्या बाजूला शिबिर लिहिलं आणि काकीला तारीख सांगितली. वर पाड्यांवर तारीख कोणी धरत नसे. तिथं दिवस मोजायचे ते आठवड्याच्या बाजारापासून. काकीनं बोटांवर मोजून हिशोब लावला आणि चार पाडे फिरून सांगून आली, “शिमग्याच्या बाजारापासून दहाव्या दिवशी सकाळीच उतरा. डोळ्यांचे डॉक्टर येणारेत.”

सहलीच्या सकाळी साडेसहाला भाड्याची बस देवळापाशी उभी राहिली. काकी सगळ्यांच्या आधी येऊन खिडकीशी बसली होती. ट्रंकेतलं हिरवं लुगडं, मांडीवर देवीच्या ओटीची पिशवी. म्हशीकडं बघायला बहीण आली होती. या खेपेला काहीच आडवं येणार नव्हतं. मी मनात मारुतीला हात जोडले. ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं.

तेवढ्यात डोंगराच्या वाटेनं माणसं येताना दिसली. म्हातारी माणसं, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून, एका ओळीत. बावीस होती. पुढं लखमाबाबा. त्यांना फक्त उजेड आणि अंधार कळायचा, पण वाट पायाला पाठ होती.

काकी खिडकीतून ओरडली, “बाबा, आज कुठं? उद्या हाय ना!”

लखमाबाबांनी कनवटीची सुतळी काढली आणि आवाजाच्या दिशेनं उंच धरली. “बाजारापासनं दहा गाठी मारल्या व्हत्या, गिरजे. रोज एक सोडली. बघ, हाय का एक तरी शिल्लक?”

सुतळी सरळ लोंबत होती.

मग डोक्यात प्रकाश पडला. त्या वर्षी होळी नेमकी बाजाराच्या दिवशी आली होती, म्हणून बाजार एक दिवस अलीकडे भरला होता. बाबांच्या गाठी बरोबर होत्या. तारीख मी सांगितली, मोजणी काकीनं केली, आणि बाजार हलेल हे दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

बसमध्ये कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणालं, उद्या या म्हणून सांगा. पण गुडघ्यांवर हात ठेवून उतरलेली ती माणसं आज परत चढली असती, तर उद्या उतरली नसती.

मी उठले. “काकी, तुम्ही बसा. मी राहते.”

“तुला कोण वळखतं वर?” काकी पिशवी घेऊन उभी राहिली. “माझ्या बोलावर आलीत ती. दे, बालवाडीची चावी दे. आजची रात तिथंच ठेवते त्यांना.”

“काकी, समुद्र…”

“समुद्र काय पळून जातोय? बांध नाय ना त्याला, मग जाईल कुठं?” ती हसली आणि ओटीची पिशवी तिनं माझ्या हातात दिली. “देवीला माझ्या नावानं भर. नि बांध हाय का ते नीट बघून ये.”

बस सुटली. मागच्या काचेतून मला दिसत होतं : हिरव्या लुगड्यातली काकी पुढं, तिच्या खांद्यावर लखमाबाबांचा हात, आणि मागं सगळी ओळ.

केळव्याला मी ओटी भरली. समुद्रापुढं उभी राहिले. इतर बायका पाण्यात उड्या मारत होत्या, एकमेकींना भिजवत होत्या. मला मात्र दुसऱ्याच्या ताटातलं उचलून खाल्ल्यासारखं वाटत होतं.

संध्याकाळी परतलो तर बालवाडीत भात-आमटी होऊन जेवणं आटोपत आली होती. हिरव्या लुगड्याला काजळी लागलेली. मला बघताच काकीनं विचारलं, “बांध दिसला?”

“मी नाही सांगणार. तुमचं भांडण आहे, तुम्हीच बघायचं.”

ती म्हणाली, “बरं केलंस. तू काय सांगतलं असतंस तर तुझ्याशी पण भांडले असते.”

दुसऱ्या दिवशी बावीसच्या बावीस जणांचे डोळे तपासले. नऊ जणांना मोतीबिंदू निघाला, त्यांची ऑपरेशनं पुढच्या पंधरवड्यात झाली. लखमाबाबांना एका डोळ्यानं दिसायला लागलं. काळा चष्मा लावून ते पहिल्यांदा खाली आले आणि काकीकडं निरखून बघत म्हणाले, “गिरजे, तू तर म्हातारी झालीस गो!”

“मग काय तुमच्यासाठी थांबू?” काकी म्हणाली.

एप्रिलच्या बैठकीत मार्गशीर्षातल्या सहलीचा विषय निघाला. फळ्यावर टिटवाळ्याचा गणपती आधीच लिहिलेला होता, आणि ठरलेलं बदलायचं नाही ही नम्रताताईंची शिस्त. त्या उठल्या, पदरानं ‘टिटवाळा’ पुसलं आणि खडू माझ्या हातात दिला. “लिही, केळवे.”

“परत?” एकीनं कुरकुर केली. “आणि गणपती रागावला तर?”

“त्याला मी समजावते. मुंबईवाले त्यालाही दरवर्षी समुद्रावरच नेतात.”

काकी उठून मारुतीपुढं गेली आणि बराच वेळ तिथंच उभी राहिली.

मार्गशीर्षात, भात झोडून झाल्यावर, लखमाबाबांनी स्वतः सुतळीला गाठी मारून काकीला दिल्या. “आता गाठ दिसते मला,” असं तिला म्हणाले, आणि मला दरडावलं, “मास्तरीणबाय, या टायमाला बाजार हलणार नाय ना?” सहलीच्या दिवशी पहाटे ते म्हशीकडं बघायला काकीच्या गोठ्यात हजर होते.

केळव्याला पोचलो तेव्हा भरती होती. सुरूच्या झाडांतून बाहेर आल्यावर काकी थांबली. चपला काढून हातात घेतल्या. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, मग समोर, जिथं पाणी आभाळाला टेकलं होतं तिथं. आम्ही सगळ्या मागंच थांबलो.

ती पाण्याच्या कडेला जाऊन खाली बसली. दोन्ही हातांनी वाळू ओढून, थापटून, तिनं वीतभर बांध घातला, खाचराला घालतात तसा, कड साधून. लाट आली आणि बांध घेऊन गेली. तिनं पुन्हा घातला. पुन्हा गेला.

मी जवळ गेले. ती हसत होती आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

“घरचे खरं बोलत व्हते गो,” ती म्हणाली. “तीस वरसं उगाच भांडले.”

मी तिच्याशेजारी ओल्या वाळूत बसले. तिनं पदरानं तोंड पुसलं.

“पण आता वर देवाघरी जाऊन त्यांना सांगायला हवं ना, मी हरले म्हणून,” ती म्हणाली. “ती काय घाई नाय. संक्रांतीला फळ्यावर काय काय लिहायचं ते सांग. वरच्या पाड्याच्या विहिरीतला गाळ काढायचा राह्यलाय.”