पस्तीसवरची गर्दी

आमचे गणिताचे सर मार्क देण्यात इतका हात आखडता घेणारे, की शाळेने त्यांचं नावच चिक्कू सर पाडलं होतं. उत्तर बरोबर असलं तरी मधली पायरी गाळली की अर्धा मार्क कापला जायचा, मग कितीही गयावया करा. म्हणूनच नववीत गणितात मिळालेले काठावरचे पस्तीस मी आजवर ताठ मानेने मिरवत आले. पास होण्यापुरतेच असले तरी ते चिक्कू सरांच्या हातून सुटले होते. त्यांच्या जोरावर पुढे शिकले, आणि आता आकडेवारीचे प्रोग्राम लिहून पोट भरते.

सर निवृत्त होणार, तेव्हा त्यांनी इतक्या वर्षांत दिलेले सगळे मार्क मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्याकडे पाठवले. निरोपाच्या दिवशी हॉलमध्ये लावायला मोठा हिस्टोग्राम हवा होता, म्हणजे किती मुलांना किती मार्क पडले ते खांबांनी दाखवणारं चित्र. मी खांबाची रुंदी दहा मार्कांची ठेवली. छान गोलसर टेकडी आली. पण मला खुडबुड करायची सवय. दहाच्या जागी एक लिहिलं. तीस ते चौतीसमध्ये चिटपाखरू नाही, आणि पस्तीसवर हा भलामोठा मनोरा. त्या मनोऱ्यात मीही होते.

निरोपाला शिक्षणखात्याचे साहेब येणार होते. त्यांनी हे पाहिलं असतं, तर मार्क वाढवून मुलं पास केल्याचा संशय आला असता, आणि सरांनी जन्मभर जपलेलं नाव एका दुपारीत गेलं असतं. मी लॅपटॉप घेऊन सरांचं घर गाठलं.

सर गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होते, तेही मगाने मोजून. त्यांनी चित्र निरखलं, खांबाची रुंदी विचारली आणि शांतपणे खुर्चीत बसले. तिशीतले पेपर आपण बाजूला काढून पुन्हा तपासायचो, म्हणाले. पहिल्या वाचनात चूक शोधायची, दुसऱ्या वाचनात मुलाला काय येतंय ते. तिशीच्या खाली तेवढं शोधूनही हाती लागत नसे.

"पण सगळ्यांचे पस्तीस कसे भरले, सर?"

"भरेपर्यंत वाचायचो."

मग मी हळूच माझ्या पेपरचं विचारलं. सरांनी तोंड वाकडं केलं.

"तुझं भूमितीचं उत्तर तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा पटलं. अक्षर काय ते!"

मला एकदम भरून आलं. आमच्यासाठी हा माणूस स्वतःशीच किती भांडला असेल, आणि आम्ही त्याला चिक्कू म्हणत होतो. निघताना सर म्हणाले, हेच चित्र लाव, खरं आहे ते. मी नुसती मान हलवली.

घरी येऊन रुंदी पुन्हा दहा केली. तीस ते चाळीसचा एकच खांब झाला, आणि रिकामी जागा आणि मनोरा दोन्ही त्याच्या पोटात गेले. दहाची रुंदीही काही खोटी नव्हती.

निरोपाच्या दिवशी साहेबांनी टेकडीचं कौतुक केलं. भाषणं संपल्यावर सर त्या चित्रासमोर येऊन थांबले. चष्मा वर करून त्यांनी बरोबर त्या खांबावर बोट ठेवलं.

"पायरी गाळलीस," ते माझ्याकडे न बघता पुटपुटले. "अर्धा मार्क कापला."

"कापा सर," मी म्हटलं. "तुम्हीच दिलेल्यातला आहे."