चित्रातली उंच बाई

कुपवाडचे तानाजी सुतार तीस वर्षं कपाटं करत होते, पण फर्निचरचे नकाशे काढायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं हे ठरवताना त्यांना घाम फुटला. घाई होती, कारण कोरेगावच्या राहीबाई नव्या स्वयंपाकघराचं काम रविवारी ठरवणार होत्या आणि दुसऱ्या कारागिराची रंगीत चित्रं त्यांच्याकडे आधीच पोचली होती.

तानाजींनी आठ दिवस तीन सॉफ्टवेअर फुकटात वापरून पाहिली. पहिल्याला मिलिमीटरशिवाय काही कळेना. दुसरं साधं, प्लायवूड कसं कापायचं तेवढं चोख सांगणारं. तिसऱ्यात कपाटाशेजारी एक सडपातळ बाई उभी राहायची. तिला पाहूनच तानाजी भाळले.

रविवारी त्यातच काढून नेलेलं स्वयंपाकघराचं चित्र राहीबाईंनी डोळ्यांजवळ धरलं.

"तानाजी, ही कोण रं?"

"कुणी न्हाई, मावशी. उंचीचा अंदाज यावा म्हणून हाय."

"हिचा हात वरच्या फळीला पोचतुय. माझा कसा पोचायचा?"

साडेचार फुटांच्या राहीबाईंकडे तानाजी बघतच राहिले. एरवी ते गिऱ्हाइकाच्या घरच्या बाईला आधी भिंतीशी उभं करत, हात वर करायला सांगत आणि बोटांपाशी पेन्सिलीनं खूण करत. आठ दिवसांच्या संगणकी शहाणपणात नेमकं तेवढंच राहून गेलं होतं.

"हिला घरी पाठवतो," ते ओशाळून म्हणाले. "मावशी, तुमी हात वर करा."

राहीबाईंनी हात वर केला. "खूण नीट कर. काम तुलाच करायचं हाय."

संध्याकाळी तानाजींनी दुसरं, साधं सॉफ्टवेअर विकत घेतलं. त्यात बाई नव्हती, म्हणजे पुन्हा भाळायची भीती नव्हती.