दत्तक गावाचा फोटो

विद्यापीठाच्या दारातल्या काचेच्या कपाटात आमच्या ‘दत्तक गाव’ उपक्रमाला मिळालेली ढाल आहे. दत्तक हा शब्द मीच सुचवला होता, ऐकायला बरा वाटतो म्हणून. ढालीशेजारी फोटो: मी सरपंच कौसाबाईंना आंब्याचं रोप देतोय. फोटोग्राफर तेव्हा ओरडला होता, “सोडू नका, दोघंही धरून ठेवा!”

काल सत्काराला आलेल्या कौसाबाई कपाटापाशी थबकल्या.

“सर, दत्तक लेकराला घरी नेत्यात. आमाला आज पयल्यांदा आणलं तुमी.”

मी फोटोतल्या रोपाकडे बोट केलं. “रोप कसंय?”

“ते तवाच वाळलं. पाणी कुठंय गावात?”

कपाटात अडकलेली एक माशी काचेवर धडका देत होती. फोटोतला माझा हात मात्र रोप सोडायला तयार नव्हता.