रूथबाईंचा श्वास

आधीच सांगून टाकतो मंडळी, भूतबित, आत्माबित्मा ह्यावर माझा काडीचा विश्वास नाही. पंचवीस वर्षं साउंडच्या धंद्यात आहे मी. हळदी, जत्रा, गणपती, प्रचारसभा... अख्ख्या कल्याणात असा माणूस नसेल ज्याच्या कानाचे पडदे मी हलवले नाहीत. स्पीकर आपोआप बोलला की लोक लिंबू-मिरची शोधतात, मी लूज कनेक्शन शोधतो. आणि ते सापडतं. दर वेळी सापडतं. एक वेळ सोडून.

आता आमच्या मोहन्यात कोणालाही विचारा, सांगतील, "विलास म्हात्रेच्या गोष्टीतली अर्धी टाकून द्या, उरलेली गाळून घ्या." कबूल! पुलावरून पडलेला माझा स्पीकर उल्हास नदीतून वाजत वाजत थेट दुर्गाडीपर्यंत गेलेला, हे मी अजून छातीठोकपणे सांगतो. (बॅटरीवरचा होता. असो.) पण ही गोष्ट जशी झाली तशी लिहितोय. गाळायला काही नाही.

कल्याणात एक जुनं मराठी चर्च आहे. नाव नको, पाळकसाहेब रागावतील. नाताळच्या आधीच्या रविवारी, सकाळची उपासना झाली की तिथे मोठा कार्यक्रम असतो — नाटक, पोरांचे नाच, आणि शेवटी गायनसंघ. पंधरा वर्षं साउंड माझा. गायनसंघ चालवायचे साळवे सर, रिटायर्ड मास्तर, काठीसारखे सरळ. आणि त्यांची बायको रूथबाई खालच्या पट्टीत गायची. उंची एवढीशी की स्टँड जमिनीत पुरला तरी माइक कपाळाला लागायचा.

माझं आणि बाईंचं एकच भांडण. श्वास. माइकला नाक लावून श्वास घ्यायच्या.

"बाई, जरा लांब उभ्या राहा! तुमचा श्वास घोडबंदर रोडला ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या माणसालापण ऐकू जातो."

"अरे विलास, मी श्वास घेते म्हणून हे बावीस जण गातात. तू तुझी बटणं बघ."

मला वाटायचं, म्हातारी मस्करी करतेय. मस्करी नव्हती. सरांनी लग्नाच्या पहिल्या वर्षी बाळ येशूचा एक पाळणा रचलेला. पेटी नाही, तबला नाही, मोजणी नाही. सर हात वर करून डोळे मिटायचे. मग बाईंचा लांब श्वास — नाकातून, आणि शेवटाला कवळीमुळे बारीकशी शिट्टी — आणि त्या शिट्टीवर सगळ्यांचे आवाज एकदम उठायचे.

गेल्या वर्षी गणपतीत बाई गेल्या. झोपेतच. मी विसर्जनाच्या गाडीवर होतो, मातीलासुद्धा जाता आलं नाही.

त्या चर्चात एक पद्धत आहे. गायनसंघातलं जे माणूस वर्षभरात गेलं, त्याची रांगेतली जागा त्या नाताळला रिकामी सोडतात. कोणी सरकून उभं राहत नाही. सरांनी त्यात भर घातली. फोनवर म्हणाले, "म्हात्रे, जागेसमोर माइकही लाव. तिच्या उंचीचा."

लावतो म्हटलं. पण झालं काय, माझा मोठा मिक्सर आदल्या दिवशीच्या हळदीवरून परत आलाच नाही, टेम्पो घोडबंदरला अडकलेला. मी गेलेलो आठ चॅनलचा छोटा घेऊन. कीबोर्ड, ढोलकी, पाळकांचा माइक, नाटकाचे दोन, गायनसंघासाठी उंच स्टँडवरचे तीन. झाले आठ. बाईंचा नववा. मग मी माझी हुशारी केली... स्टँड लावला, माइक लावला, आणि वायर गुंडाळून स्टँडखाली सारली. रिकाम्या जागेसमोरचा माइक कोण तपासणार?

सकाळी आठला सराव. पाळणा तीनदा घेतला, तीनदा कोसळला. पुरुष आधी, बायका मागून. एकाच नवऱ्याच्या दोन वराती निघाल्यासारखं. पुढच्या रांगेतली अनिता शेवटी म्हणाली, "सर, तुम्ही एक-दोन-तीन मोजा ना."

"पाळणा मोजून हलवत नाहीत, अनिता."

"मग आम्ही उठायचं कशावर?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "आज नाही जमला तर हा पाळणा बंद. आणि मीही बंद. नव्या वर्षी दुसरा कोणी बघा."

ह्या माणसाकडे आता घरी बोलायला भिंती, आणि बाहेर हा गायनसंघ. तोपण सोडला तर करणार काय?

कार्यक्रम सुरू झाला. नाटकात हेरोद राजाची दाढी सुटली, त्याने तीच हातात धरून हुकूम दिले, लोक हसून लोळले. मग पाळणा आला.

सरांनी हात वर केले. डोळे मात्र ह्या वेळी मिटले नाहीत. बघत होते त्या बुटक्या स्टँडकडे. हॉल गप्प. कुठेतरी एका बाळाला उचकी लागलेली, तेवढीच. हात वरच. मी हेडफोन कानाला लावून बसलेलो, मनात म्हणतोय, अरे कोणीतरी उठा रे, म्हाताऱ्याचे हात खाली आणा...

आणि हेडफोनमध्ये श्वास आला.

लांबचा नाही. साउंडवाल्याला लांबचा आणि जवळचा श्वास झोपेत कळतो. हा माइकला नाक लावून घेतलेला. लांबलचक. शेवटाला बारीक शिट्टी.

त्या शिट्टीवर बावीस जण उठले. एक सूर, एक अक्षर, पुढे-मागे कोणी नाही. सरांचे हात खाली आले ते पाळण्याची दोरी धरल्यासारखे, आणि तसेच हलत राहिले. शेवटच्या कडव्यापर्यंत मी मिक्सरवर एक बटण हलवलं नाही. हलवता येईना. दिसतच नव्हतं धड.

संपल्यावर पहिला धावलो स्टँडकडे. वायर तशीच, माझ्याच हातची गाठ. अनिताला विचारलं, "तुम्ही उठलात कशावर?"

"कशावर म्हणजे? बाईंनी श्वास घेतला ना!" म्हणाली, आणि मग तिने स्वतःच तोंडावर हात ठेवला.

पहिल्या रांगेत पाळकसाहेब बसलेले, त्यांना काही ऐकू आलं नाही. रेकॉर्डिंग त्याच मिक्सरवरून केलेलं. त्यात उचकी आहे, शांतता आहे, आणि मग एकदम गाणं. मध्ये काही नाही.

मी वायरी गुंडाळत होतो, तेवढ्यात सर आले.

"म्हात्रे, तिचा माइक चालू होता ना?"

आयुष्यात इतक्या थापा मारल्या, पण ही मारायला नको वाटत होतं. तरी मारली. "होता की सर! एकदम झक्कास."

सर म्हणाले, "वायर मी उपासनेच्या आधीच बघितली होती. हात वर केले तेव्हा तीच दिसत होती समोर."

मी मान खाली घातली. "माफ करा, सर. चॅनल नव्हता. पण मग विचारलंत कशाला?"

"तुझ्या तोंडून ऐकायचं होतं, चालू होता म्हणून. आजचा दिवस तुझी थापच हवी होती मला." खांद्यावर हात ठेवला. "सराव पुढच्या रविवारी, चार वाजता. सगळ्यांना सांगून ठेव."

डोंबिवलीत माझा एक दोस्त आहे, इलेक्ट्रॉनिक्समधला किडा. तो म्हणतो, रेडिओ पकडला असेल. म्हटलं, असेल बाबा, पण रेडिओला कवळी कधीपासून बसवायला लागले? तो म्हणतो, सगळ्यांच्या मनाचा खेळ. मग बावीस मनं आणि तेविसावं माझं, एकाच क्षणाला कशी खेळली? त्यावर तो चहा मागवतो.

सराव चालू आहे. पाळण्याच्या वेळी मी हेडफोन लावून बसतो, पण तो श्वास पुन्हा कधी आला नाही. आता बावीसच्या बावीस जण एकदम नाकाने श्वास घेतात, आणि उठतात. मध्ये एकदा धीर करून सरांना विचारलं, "सर, त्या दिवशी तुम्हीपण ऐकलात ना?"

म्हणाले, "बाजूला हो, मुलं खोळंबलीत." त्यांची मुलं म्हणजे सगळी पन्नाशीच्या पुढची.

काय होतं ते, मला माहीत नाही. लूज कनेक्शन अजून सापडलेलं नाही... आणि खरं सांगू? ह्या वेळी मी फार शोधतही नाही.