उस्तादांचा निळा खडू

मंगळवार, ७ जानेवारी २०२५, सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटे. माझ्या नोंदवहीतील पहिली नोंद या वेळेची आहे, आणि ती मोजमापाची नसून अपमानाची आहे. आखातातल्या एका पोलीस अकादमीच्या शस्त्रागाराच्या खिडकीत पांढऱ्या दाढीचे एक ठेंगणे गृहस्थ बसले होते. मी ओळखपत्र पुढे केले. त्यांनी ना ओळखपत्राकडे पाहिले, ना माझ्या चेहऱ्याकडे. ओळखपत्र धरलेल्या हाताकडे क्षणभर पाहून ते स्वच्छ मराठीत म्हणाले, "बोंबील."

माझ्या हाताची लांबी एकशे अठ्ठ्याहत्तर मिलिमीटर आहे आणि स्त्रियांच्या सरासरीपेक्षा ती थोडी अधिकच भरते, हे मी त्यांना सांगितले. एर्गोनॉमिक्स, म्हणजे माणसाचे शरीर आणि त्याच्या हातातले अवजार यांचा मेळ घालणारे शास्त्र, हा माझा विषय. त्यामुळे ही आकडेवारी मला तोंडपाठ होती. त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले. "माप बरोबर असंल," ते म्हणाले, "तरी बोंबीलच. लांब हाय, पण आत हाड नाय." मग उठून त्यांनी माझ्यासाठी खुर्ची पुसली.

अकादमीत सगळे त्यांना 'उस्ताद' म्हणत. अरबीतही हा शब्द आदराचाच असल्यामुळे कोणाच्याही तोंडी तो परका वाटत नसे. मी मात्र दुसऱ्याच दिवसापासून 'चाचा' म्हणू लागले. श्रीवर्धनजवळच्या खाडीकाठच्या गावातून लेथवरचा फिटर म्हणून एकोणिसाव्या वर्षी इकडे आलेल्या माणसाला दुसरी कोणतीही हाक मला जमली नसती. चौतीस वर्षे ते त्या खिडकीत होते. पिस्तुलांच्या स्प्रिंगा बदलाव्यात, नळ्या साफ कराव्यात, सकाळी मोजून द्यावीत, दुपारी मोजून घ्यावीत. राहायला शहरातल्या करामा भागात, गावाकडच्याच दोघांसोबत एका खोलीत. शुक्रवारचा मासळीबाजार त्यांनी कधी चुकवल्याचे कोणाला आठवत नव्हते.

माणसांची नावे त्यांच्या लक्षात राहत नसत. हात राहत, आणि तेही माशांच्या नावांनी. रुंद, चपटा पंजा म्हणजे पापलेट. लांब आणि भरीव म्हणजे सुरमई. मध्यम आणि चपळ तो बांगडा. प्रशिक्षणार्थींना ही शूर सरदारांची नावे वाटत, आणि उस्तादांनी तो समज कधी दूर केला नव्हता. एका उंच मुलाने तर आपल्या कपाटावर अरबी अक्षरांत 'सुरमई' असे कोरून ठेवले होते. मुलींच्या तुकडीत सर्वांत लहान हाताची होती मोझा. तिचे नाव मांदेली. नेमबाजीच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा नापास होणाऱ्याला अभ्यासक्रमातून काढून कार्यालयीन कामावर पाठवत. हे सांगताना मात्र उस्तादांच्या बोलण्यात थट्टा नव्हती.

माझे काम कागदावर सोपे होते. अकादमीला नवे पिस्तूल निवडायचे होते. प्रशिक्षण त्याच्यावरच होणार आणि नोकरीत कमरेलाही तेच राहणार, त्यामुळे एकदा झालेली निवड दहा वर्षे बदलणार नव्हती. तीन नमुने अंतिम फेरीत होते. आमच्या खासगी चाचणी संस्थेने त्यांची तुलना करून रमजानच्या आधी समितीला शिफारस द्यायची होती. माझ्या नावावरचा हा पहिला स्वतंत्र अहवाल. नमुन्यांना मी अ, ब आणि क म्हणत होते. उस्तादांना ही अक्षरे मान्य नव्हती. "निकाह दहा वर्षांचा हाय," ते म्हणत, "आणि नवरीला नाव पन नाय?"

शस्त्रागारात त्यांचा एक नियम सर्वांवर होता. पिस्तूल हातातून हातात जाताना ते रिकामे असल्याची खात्री तीनदा करायची. पहिल्यांदा डोळ्याने पाहायचे, दुसऱ्यांदा करंगळी आत घालून चाचपायचे, आणि तिसऱ्यांदा समोरच्या माणसाला पाहायला लावायचे. "दोन नजरा आपल्या," ते म्हणत, "तिसरी दुसऱ्याची. आपली नजर आपल्याला पायजे तेच दाखवते." एकदा समितीचे एक वरिष्ठ अधिकारी घाईत आले आणि त्यांनी पिस्तूल नुसतेच मागितले. उस्तादांनी हसतमुखाने सलाम केला, खुर्ची दिली, आणि तिसरी नजर त्यांचीच घेतली. अधिकाऱ्यांनी निमूटपणे वाकून आत पाहिले. मी हा प्रसंग वहीत 'सुरक्षा-शिस्त: उत्तम' एवढ्या शब्दांत नोंदवला. तो तिसऱ्या नजरेचा नियम मलाही लागू पडतो, हे समजायला पुढे तीन आठवडे लागले.

पहिल्या दिवसाची आणखी एक नोंद लिहायची राहून गेली होती, ती कॉफीची. मुलींच्या तुकडीने माझे स्वागत खजूर आणि वेलदोड्याच्या कडवट अरबी कॉफीने केले. इवलासा कप रिकामा झाला की वाढणारी मुलगी तो पुन्हा भरी. नको असेल तर कप हलकेच हलवून परत द्यायचा असतो, ही तिथली रीत मला ठाऊक नव्हती. दिलेले संपवावे, हे माझे पुणेरी संस्कार. मी सात कप प्याले आणि प्रत्येक कपानंतर 'छान' म्हणाले. खिडकीतून उस्ताद पाहत होते.

चाचणीसाठी मी मुलगे आणि मुली मिळून चाळीस प्रशिक्षणार्थी निवडले. प्रत्येकाच्या हाताची नऊ मापे घेतली, तिन्ही पिस्तुलांनी नेम धरायला लावला, आणि शेवटी एक प्रश्नावली भरून घेतली. पकड कशी वाटली, चापापर्यंत बोट सहज पोहोचते का, मनगटावर ताण येतो का. एक ते पाच गुण. अ हे पिस्तूल यंत्रात बसवून झाडले तेव्हा सर्वांत अचूक ठरले होते, आणि प्रश्नावलीत त्याला चाळीसही जणांनी पाच गुण दिले. आकड्यांमध्ये तफावत जवळजवळ नव्हतीच. मी समाधानाने मसुदा लिहून काढला. चाळीस माणसांचे एकमत झाले की शास्त्रज्ञाने आनंदी होण्याआधी घाबरावे, हे मला शिकवलेले होते. मी ते विसरले होते.

तो मसुदा मी उस्तादांना दाखवला तो केवळ शिष्टाचार म्हणून. ते मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेले, इंग्रजी जेमतेम. पण गुणांचा तक्ता वाचायला भाषा लागत नाही. त्यांनी पाचांच्या त्या रांगेवरून बोट फिरवले.

"पोरी, त्या दिवशी तू सात कप कॉफी प्यालीस. आवडली होती?"

"नाही, चाचा."

"मंग बोललीस का तसं?"

मी नकारार्थी मान हलवली.

"ही पोरं पन नाय बोलली," ते म्हणाले. "तू पाव्हनी. तुला खजूर दिला, कॉफी दिली. आता तू आनलेल्या चीजेला वाईट कोन म्हननार? तोंड अदब बघतं, बेटी. बोट नाय बघत."

मग त्यांनी खणातून शिंप्याचा निळा खडू काढला. अ पिस्तूल तीनदा रिकामे असल्याची खात्री केली, तिसरी नजर अर्थात माझी, आणि त्याच्या चापावर खडू घासला. मोझाला बोलावून नेम धरायला सांगितले. काही विचारले नाही. तिने रिकामा चाप ओढला, पिस्तूल परत दिले आणि उस्तादांनी खूण करताच तर्जनी पुढे केली. निळा डाग अगदी टोकाला होता. मी तो कॅलिपरने, म्हणजे बारीक मापे घेणाऱ्या चिमट्यासारख्या मोजपट्टीने, मोजला: टोकापासून तीन मिलिमीटर. डाग बोटाच्या पहिल्या पेराच्या मध्यावर, म्हणजे नऊ ते अकरा मिलिमीटरवर उमटायला हवा. एवढ्या टोकाने चाप ओढणारा माणूस पिस्तूल नकळत डावीकडे ढकलतो, आणि जुन्या, अशाच जाड मुठीच्या पिस्तुलाने दिलेल्या मोझाच्या दोन्ही परीक्षांतल्या गोळ्या डावीकडेच गेल्या होत्या. लक्ष्याचे ते कागद उस्तादांनी घडी घालून जपून ठेवले होते.

मी मोझाला विचारले, मग प्रश्नावलीत पाच गुण का दिलेस? तिने आधी उस्तादांकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि संकोचाने इंग्रजीत जे सांगितले त्याचा अर्थ असा: "पिस्तूल चांगलं आहे, मॅडम. माझा हात वाईट आहे."

हे वाक्य मी वहीत लिहिले नाही. लिहिण्याची गरजही पडली नाही.

आमच्या साहेबांना मी त्याच दुपारी फोन केला आणि मसुदा थांबवून चाचणी पुन्हा घेण्यासाठी चार दिवस मागितले. साहेब मूळचे ठाण्याचे, स्वभावाने वाईट नाहीत, पण तारखेचे पक्के. "अगं, क्लायंट खूश आहे, चाळीसच्या चाळीस खूश आहेत, तू एकटी कशाला नाखूश होतेस? यल्ला, चल, पाठवून टाक, खलास." मी म्हणाले, "सर, आकडे चुकलेले नाहीत, माझा प्रश्न चुकला आहे. आज पाठवलं तर पुढची दहा वर्षं लहान हाताच्या मुली नापास होत राहतील आणि स्वतःचाच हात वाईट म्हणत राहतील." पलीकडे कॅलेंडरची पाने उलटल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "चार म्हणजे चारच हं."

ते चार दिवस माझ्या तिथल्या कामातले सर्वांत सुखाचे. सकाळी सातला आम्ही दोघे खिडकीपाशी बसत असू. उस्ताद चाप निळा करत, एकेक हात येई, मी कॅलिपर लावी. कोणालाही प्रश्न विचारायचा नाही, एवढा एकच नियम. मध्येच ते पुटपुटत, "बघ, पापलेट. ह्याचा डाग सांध्यावर जानार," आणि डाग सांध्यावर जाई. चाळीस हातांपैकी सदतीस वेळा त्यांचा अंदाज दोन मिलिमीटरच्या आत होता. उरलेल्या तिघांबद्दल त्यांचे म्हणणे असे, की त्यांनी आदल्या दिवशी नखे कापली असणार.

ब पिस्तुलाच्या मुठीची पाठ, म्हणजे तळहाताला टेकणारा मागचा भाग, बदलता येत असे. लहान, मध्यम आणि मोठी, अशा तीन पाठी त्याच्यासोबत येत. यंत्रावर ते अ पेक्षा किंचित कमी अचूक ठरले होते, म्हणून मी ते दुसऱ्या क्रमांकावर ठेवले होते. पण पिस्तूल यंत्राच्या नव्हे, हाताच्या मुठीत राहते. लहान पाठ लावल्यावर मोझाच्या बोटावरचा डाग आठ मिलिमीटरवर आला, म्हणजे नऊला फक्त एक कमी. पापलेटला मोठी पाठ दिली तेव्हा त्याचाही डाग सांध्यावरून पेराच्या मध्याकडे सरकला. उस्तादांनी खडू खिशात ठेवून चहा मागवला. त्यांच्या बाबतीत तो टाळ्यांचा कडकडाट समजावा.

समितीने ब निवडले. अहवालात पद्धतीचे श्रेय मी उस्तादांना दिले, तर त्यांनी हरकत घेतली. खडू करामातल्या शिंप्याचा आहे, घालायचेच तर त्याचे नाव घाला, असा त्यांचा आग्रह होता. शेवटी तडजोड म्हणून तळटीपेत दोघेही आले. पुढच्या परीक्षा ब च्या नमुन्यांवर घ्याव्यात, ही विनंतीही समितीने मान्य केली. मोझाची तिसरी परीक्षा एप्रिलच्या अखेरीस ठरली. उस्तादांची निवृत्ती मात्र त्याआधी, ईद झाल्यावर.

त्यांना निरोप द्यायला मी करामाला गेले. खोलीत दोरीने आवळलेली चार खोकी होती आणि त्यांवर जाड अक्षरांत गावाचे नाव. दोघे सोबती थट्टा करत होते, की म्हातारा खोकीसुद्धा तीनदा उघडून बघतोय. मी त्यांच्यासाठी माझा जुना कॅलिपर नेला होता. पदव्युत्तर शिक्षणाच्या पहिल्या वर्षी घेतलेला. त्यांनी तो उघडला, मिटला, प्रकाशाकडे धरून फट पाहिली. "मला बोटं पुरतात," असे म्हणून ते परत करतील, ही माझी अटकळ होती. तसे झाले नाही. "गावाला मांदेली मोजीन," ते म्हणाले, आणि तो शर्टच्या खिशात ठेवला. मग उरलेल्या खडूचे दोन तुकडे करून एक मला दिला. दुसरा कोणासाठी, असे मी विचारले. "तो कालच दिला, मांदेलीला," ते म्हणाले. जिन्यापर्यंत आले तेव्हा त्यांनी प्रथमच माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिले. "परीक्षेचा निकाल लागला की फोन कर. पास-नापास नको सांगूस. ते कोनी पन सांगंल."

परीक्षेच्या दिवशी मला बोलावणे नव्हते. मी रजा काढून गेले. मी मैदानाच्या कुंपणाबाहेर उभी असताना मोझा बाहेर आली. तिच्या मागून तुकडी हसत, ओरडत येत होती, त्यावरून निकाल कळला. माझ्यासमोर येऊन मोझाने फक्त तर्जनी पुढे केली. परीक्षेला उतरण्यापूर्वी तिने चापावर स्वतःच खडू घासला होता.

मी तिथूनच फोन लावला. पलीकडे वारा आणि होड्यांच्या इंजिनाची धडधड ऐकू येत होती. उस्तादांनी सलाम-दुवा काहीच केले नाही. "बोल," एवढेच म्हणाले. मी खांद्याने फोन कानाशी धरला, मोझाचे बोट डाव्या हातात घेतले, कॅलिपर लावला. आकडा एकदा पाहिला, पुन्हा पाहिला, आणि तिसऱ्यांदा मोझाला वाचायला सांगितले. मग वही उघडली.

गुरुवार, २४ एप्रिल २०२५, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. मांदेली, उजवी तर्जनी: ९.५ मिलिमीटर.